आबांचा जॅक

आमच्या घरात देव्हाऱ्याला कुणीही हात लावावा, पण आबांच्या जॅकला नाही. आबा म्हणजे माझे वडील. जॅक म्हणजे गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली गप पडून राहतो तसला नव्हे. चांगला माझ्या छातीएवढा उभा, लोखंडी पट्टीचा, पट्टीला खालपासून वरपर्यंत भोकं. त्या पट्टीवर एक पेटी चढते. पेटीत दोन पिना असतात. दांडा मारला की एक पीन वरच्या भोकात शिरते, मग दुसरी, आणि अख्खी जीप मांजराच्या पिलागत मानेला धरून वर उचलली जाते. माझ्यासारख्या बाईमाणसाला एकटीने जीप उचलता येते म्हणजे बघा.

आम्हाला तो लागायचाच. आमची वाडी मुळशी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्ता खालीच संपतो, तिथून वर लाल मातीची चढण, दोन्ही बाजूंना भातखाचरं. पावसाळ्यात त्या वाटेवर गाडी रुतली नाही असा आठवडा जात नाही. मी पौडला तहसील कचेरीच्या मागे झेरॉक्सचं दुकान चालवते, लोकांचे अर्जही लिहून देते. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून आबांची जुनी जीपच माझे पाय झाली. आधी आबा चालवायचे, मी शेजारी बसायचे. मग मी चालवायला लागले आणि आबा शेजारी बसून शिव्या द्यायला लागले.

जॅक घेतला तेव्हा पहिल्याच पावसात त्याने हात वर केले. जीप उचलायची सोडून स्वतःच चिखलात घुसला, अगदी निम्मा. आबा तिथेच कमरेवर हात ठेवून हसले. "ह्येला पाय बारीक दिल्यात गं. शहरात फिरायला बनवलाय," म्हणाले. जन्मभर धरणाच्या कामावर ड्रायव्हर आणि मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस, त्याला असली अडचण म्हणजे पक्वान्न. कुठूनशी जाड लोखंडाची परातीएवढी थाळी आणली, तिच्या कडा वर वळवल्या, मधोमध खोबण वेल्डिंग करून घेतली. जॅकचा पाय त्या खोबणीत बसवायचा. थाळी चिखलावर टेकते, रुतत नाही. जीपच्या बंपरलाही पुढे-मागे जाड ओठ जोडून घेतला, म्हणजे पेटीची पुढे आलेली जीभ त्याखालून घसरू नये.

मग तो ठेवायचा कुठे यावर आमची महिनाभर भांडणं. मी म्हणत होते, मागच्या बाजूला बाहेर बांधा, शनिवार-रविवारी रिसॉर्टवर येणाऱ्या पोरांच्या गाड्यांना तसाच लावलेला असतो, झोकात दिसतो. आबा म्हणाले, "झोक दाखवायचाय का गाडी काढायचीय?" बाहेर बांधला की चाकांचा चिखल उडून पिनांत बसतो, ते खरंच होतं. शेवटी ड्रायव्हरच्या सीटमागे आडवा, दोन पकडींत. पकडींना आतून जुन्या चपलेचं रबर, खडखड वाजू नये म्हणून. पेटीवर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा पायमोज्यासारखा ओढलेला, दोन्ही टोकांना घट्ट. धूळ नको, पाणी नको. "अंधारात हात घातला तरी गावला पायजे," हे त्यांचं म्हणणं. तेव्हा मला ते नुसतंच बोलणं वाटलं.

वापरायला शिकवतानाही त्यांनी माझा जीव खाल्ला. दोनच गोष्टी, पण दिवसभर त्याच. एक, दांड्याच्या रेषेत तोंड घालायचं नाही, काही झालं तरी नाही. दुसरी, आवाज ऐकायचा. दांडा खाली-वर एकदा मारला की दोन टक्-टक् आले पाहिजेत, दोन पिनांचे दोन. "एकच वाजली तर थांबायचं. डोळ्यांनी बघू नगंस, कानांनी बघ." मी म्हणायचे, "आबा, कानांनी कोण बघतं?" तर म्हणायचे, "मी बघतोय."

आणि खरंच तसंच होत चाललं होतं. त्यांची नजर कडेकडेने मिटत चालली होती. आधी बांधाची कड दिसेना, मग फाटकाचा खांब. एकदा अंगणात ठेवलेल्या बादलीत पाय घातला आणि बादलीलाच शिव्या दिल्या. मी त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, फार उशीर झालाय, गेली ती नजर परत येणार नाही, उरलीय ती औषधाने जपायची. येताना गाडीत आबांनी माझ्या गियर बदलण्यालासुद्धा नावं ठेवली नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली आणि जॅक स्वतःकडे घेतला. रोज सकाळी चहा झाला की भिंतीला हात लावत जीपपर्यंत जायचे, पकडी सोडायचे, जॅक अंगणात उतरवायचा, ट्यूब ओढायची, पुसायचं, तेल घालायचं, दोन-चार दांडे रिकामे मारून आवाज ऐकायचे, परत होता तिथे. मी एकदा म्हटलं, "आबा, राहू द्या, मी करते." ते असे खवळले! "डोळं गेल्यात माजं. हात न्हाई गेलं." आईने मला चुलीपाशी ओढून नेलं. आमची आई लाडाने बोलणाऱ्यांतली नाही. म्हणाली, "तुजा बाप त्या जॅकसाठी सकाळी उठतोय. त्यो काढून घेतलास तर मानूस आंथरुनातनं उठायचा न्हाई. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. आजवर तेवढंच ध्यानात ठेवत आलेय.

आता आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे काय ते सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. विळे, कोयते, कुदळी, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, वापरायचं तर नाहीच नाही. आबांच्या धरणावरच्या वर्कशॉपात याला आणखी एक पुरवणी होती: पूजेआधी सगळी अवजारं रंगवून काढायची. पाने, पकडी, जॅक, सगळं लाल. नोकरी संपली तरी आबांनी ती रीत घरी चालू ठेवलेली. डोळे चांगले होते तोवर ते रंगवायचे तेही बघत राहावं असं. पिनांना आधी ग्रीस चोपडायचे, भोकांत कापडाचे बोळे, मग बारीक ब्रश.

त्या वर्षी परतीचा पाऊस दसरा आला तरी हटायला तयार नव्हता. हवा अशी ओली की दोरीवरचं लुगडं दोन-दोन दिवस वाळेना. मी दुकानात होते. आबांनी पडवीत बसून एकट्याने जॅक रंगवला. मी संध्याकाळी आले तर जॅक पाटावर, लालभडक, फुलं घातलेला, पेटीवर ट्यूब चढवलेली. आबांच्या नाकाला, कानाला, बंडीला रंग. चेहऱ्यावर अशी खुशी की मला बरेच दिवसांनी बरं वाटलं. "कसा दिसतुया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नवऱ्या मुलासारखा." खोटं नव्हतं ते. दिसत होता त्याच्यात कुठे काही कमी नव्हतं. ट्यूबखालचं कुणाला दिसणार? आणि पूजेतलं हत्यार उचलून कोण बघणार?

दसऱ्याला सकाळी पूजा झाली, जीपला हार घातला, जॅक पकडींत बसला. आबा म्हणाले, "गाडीचं सीमोल्लंघन करून या. मला उनाचं काय दिसत न्हाई, मी बसतो हितंच." म्हणून मी आणि आई निघालो, डोंगराच्या पायथ्याशी देवीला आपट्याची पानं वाहायला. परत येताना चढणीवर वाटेची कड सुटली आणि डावं मागचं चाक थेट भाताच्या खाचरात. भात पिवळा होत आलेला. आई म्हणाली, "झालं तुजं सीमोल्लंघन?" आम्ही दोघी हसलोच. त्यात घाबरण्यासारखं काय होतं? जॅक होता.

थाळी टेकवली, पाय बसवला, ट्यूब ओढली. ट्यूब चिकटून आली. हाताला ओला रंग लागला. आतला रंग वाळलाच नव्हता, त्या कोंदट रबरात वाळणार कसा? पण वरून मला एवढंच दिसलं की पेटी लाल आहे. पहिले दांडे जड गेले. वर पावसाची सर आली होती, आई छत्री धरून मोठमोठ्याने मला सूचना देत होती, इंजिन बंद होतं, पण ओढ्याचं पाणी वाजत होतं; त्या गोंगाटात पिनांचे आवाज मोजायचं राहूनच गेलं. चाक चिखलातून सुटलं, वर आलं. मी दांडा दाबून परत वर घेतला आणि एका पिनेने दगा दिला. तिला भोकात ढकलणारी स्प्रिंग रंगात जाम झालेली, पीन शिरलीच नाही. जीपचा सगळा भार दांड्यावर आला. दांडा माझ्या हातातून सुटून असा उसळला की मला तो दिसलाही नाही. आधी आवाज ऐकू आला, काटकी मोडल्यासारखा. मग कळलं की तो माझ्या डाव्या मनगटाचा होता.

तोंड वाचलं. तोंड दांड्याच्या रेषेत नव्हतं, कारण आबांनी तसं बजावून बजावून माझं डोकं उठवलेलं. मी खाचरात बसले आणि रडायचं सोडून जॅककडे बघत राहिले. पिनेभोवती, स्प्रिंगेभोवती, भोकांच्या कडांवर रंगाची जाड साय. त्यात ब्रशचे केस अडकलेले. किती मन लावून रंगवलं होतं बिचाऱ्यांनी! एकही जागा सुटू नये म्हणून बोटाने चाचपत चाचपत भरलं असणार. जी जागा सोडायची तीच भरली होती. आईनेही ते पाहिलं. तिने पदराने माझा हात बांधला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "त्यांना सांगायचं न्हाई."

"मग काय सांगायचं?"

"बांधावरनं घसरलीस."

पलीकडच्या खाचरातल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून जीप काढली, तोच आम्हाला घेऊन पौडला हाडाच्या डॉक्टरांकडे आला. आईने त्यालाही देवीची शपथ घातली. प्लास्टर गळ्यात अडकवून मी घरी आले तेव्हा आबा पडवीत उभेच होते. माझ्या पायांचा आवाज ओळखतात ते. सगळं ऐकून घेतलं आणि मला धू-धू धुतलं. "सपाता घालून बांधावर कशाला गेलीस? डोळं हायेत ना तुला? डोळं असून पडतीस व्हय?" मी मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "जॅक लागला का कुटं?" आई आतून ओरडली, "न्हाई लागला." आबा म्हणाले, "लागला असता तर बिघडत न्हवतं. चांगला तयार क्येलाय." मला तिथे उभं राहवेना.

त्यानंतरचं वर्ष काय सांगू! पौडहून येतानाच मी थिनरची बाटली आणली होती. त्याच रात्री आबा निजल्यावर आईने जॅक धरला आणि मी एका हाताने पिना घासल्या. रंग निघाला, पिना सुटल्या, दोन आवाज परत आले. पण तेवढ्यावर भागणार होतं थोडंच. आबा रोज सकाळी त्यांचं काम करतच होते. कधी पातळ तेलाऐवजी ग्रीस भरायचे, त्यावर धूळ बसून चिकटा व्हायचा. कधी पकडीचा नट अर्धाच फिरवायचे, मग जॅक वळणावर पाठीत येईल की काय म्हणून मला घाम. एकदा ट्यूब उलटी चढवली, आत पाणी साचून राहिलं. रात्री मी सगळं पुन्हा करायचे. सकाळी ते पुन्हा करायचे. काय करावं? ओरडावं तर कुणावर? माझाच बाप, आणि जगात त्याच्याकडे करायला तेवढंच एक काम. चिडून मी एकदा आईला म्हटलं, "दुसरा जॅक घेते, लपवून ठेवते." आई म्हणाली, "घे की. आन ह्यो त्यांना बिडीकाडीच्या रिकाम्या डब्यागत खेळायला दे." मी नाही घेतला.

मनगट बरं झालं, पण वाकडं. अंगठ्याच्या वरच्या अंगाला हाडाचा उंचवटा राहिला. पावसात ठणकतो.

पुन्हा खंडेनवमी आली. आबांनी आठ दिवस आधीपासून घोकायला सुरुवात केली, "लाल रंग आन. गेल्या सालचा लाल, त्यो फिका नगं." नजर आता उजेड-अंधारापुरती उरली होती. मी रंग आणला, ब्रश आणला आणि मनात ठरवून दुकानाला सुट्टी घेतली. म्हटलं, शेजारी बसायचं, गप्पा मारता मारता पिनांवर कापड गुंडाळायचं, त्यांना कळणारही नाही. पडवीत पोतं अंथरलं. आबांनी जॅक मांडीवर आडवा घेतला, ट्यूब काढली आणि रंगाआधी हात फिरवला.

मी हे विसरूनच गेले होते. डोळ्यांनी बघणारी माणसं विसरतात. पट्टीवर त्यांना गेल्या वर्षीचा रंग लागला, जाड, गुळगुळीत. पेटीपाशी बोटं आली आणि थांबली. तिथे रंग नव्हता, नुसतं उघडं लोखंड. बोटं पिनेभोवती फिरली, स्प्रिंगेभोवती, भोकाच्या कडेवर. परत मागे गेली, परत आली. रोजच हात लागत होता की त्यांचा, पण रोज तेलाच्या चिंधीतून. आज कोरडा हात होता. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"हितला रंग कुणी काढला?"

मी म्हटलं, "निघाला असेल आबा. वापरून वापरून."

"वापरून निगतो तवा उडतो. ह्यो घासून काढलाय." आई चुलीपुढची उठून दारात आली होती, पदर तोंडाला लावून. आबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "हात दे. त्यो न्हवं, डावा."

मी दिला. काय करणार होते? त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि अंगठा मनगटावर फिरवला, हळूहळू, वेल्डिंग तपासायचे तसा. उंचवट्यावर थांबले. तिथेच ठेवला अंगठा.

"जोड तिरका बसलाय," म्हणाले.

मी म्हटलं, "दुखत नाही आता."

त्यांनी हात सोडला. रंगाचा डबा चाचपून जवळ घेतला, झाकण तसंच बसलेलं होतं, तरी वरून मुठीने ठोकून घट्ट केलं आणि माझ्याकडे सरकवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मला दोन शिव्या देऊन, "मला का न्हाई सांगितलं," असं ओरडले असते तर मी पाया पडले असते, रडले असते, भांडले असते. ते भिंत धरून उठले आणि आत जाऊन निजले. त्या वर्षी जॅक जुन्याच रंगात पाटावर मांडला. हळद-कुंकू मी वाहिलं.

दसरा झाला आणि आबा जीपकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा पिऊन परत अंथरुणावर. आई म्हणाली होती तस्संच. मी नाना उपाय करून बघितले. तेलाची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली, ती तिथेच राहिली. पकडीतलं रबर झिजलंय, नवं कसं कापू, असं विचारलं, तर "तुला म्हाईत हाय की," एवढंच. वैतागून म्हटलं, "आबा, एका मनगटाचं काय घेऊन बसलाय?" ते कूस बदलून पडले. आई जेवणाचं ताट घेऊन समोर बसते, दोन घास खातात, पुरे म्हणतात.

परवा रविवारी मी शेवटचा डाव टाकला. जॅक अंगणात त्यांच्या खिडकीखालीच आणला. थाळीवर उभा केला, बंपरच्या ओठाला लावला आणि मुद्दाम धुसफुसत दांडे मारायला लागले. "बोंबला! ही पीन परत अडकतेय. आबा, अहो, बाहेर येऊन जरा बघता का? मला काही उमगत नाही. आबा!"

आतून पलंग करकरला. मी आणखी एक दांडा मारला.

"अडकत न्हाई," आबा आतून म्हणाले. "दोनी वाजत्यात."

पलंग परत करकरला. मी दांडा धरून उभी राहिले. मग जीप खाली घेतली, पिना पुसल्या आणि ट्यूब परत चढवली.